चिमाजी आप्पा आणि पित्याची जागा

अर्नाळ्याच्या किनाऱ्यासमोर समुद्रात जो किल्ला उभा आहे, त्याच्या दरवाजावरील शिलालेखात बाजीराव पेशव्यांचे नाव कोरलेले आहे. १७३७ साली हे बेट पोर्तुगीजांकडून घेतले गेले. त्या मोहिमेचे नायक बाजीरावांचे धाकटे बंधू चिमाजी आप्पा होते. पुढे १७३९ च्या मे महिन्यात वसईही त्यांच्या हाती आली. हा पराक्रम सर्वश्रुत आहे; परंतु आज आम्ही त्यांच्या चरित्रातील एका निराळ्याच गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

१७२० साली पिता बाळाजी विश्वनाथ निवर्तले, तेव्हा बाजीराव १९ वर्षांचे होते व आप्पा अद्याप लहान होते. वडील बंधूच त्यांस पित्याच्या ठिकाणी झाले. पुढे बाजीराव सदा स्वारीवर असत. म्हणून त्यांचे पुत्र नानासाहेब, पिता हयात असताही, पुष्कळ काळ चुलत्याच्या देखरेखीखाली वाढले. आप्पांस जे भावाकडून लाभले, ते त्यांनी पुतण्यास दिले.

या प्रेमाची कठीण परीक्षाही झाली. मस्तानीवरून घरात कलह माजला, आणि बाजीराव स्वारीवर असता आप्पा व नानासाहेब यांनी तिला अटकेत ठेवले. एकाने पितृतुल्य बंधूस, दुसऱ्याने प्रत्यक्ष पित्यास दुखविले. ही गाठ सुटण्यापूर्वीच, २८ एप्रिल १७४० रोजी, नर्मदातीरी बाजीरावांचा अंत झाला. मस्तानीही त्याच वर्षी गेली. डिसेंबरात दुखणाईत आप्पांनीही देह ठेवला.

आता दोन मुले पोरकी झाली. आप्पांचा पुत्र सदाशिव १० वर्षांचा होता. त्याची आई तो तान्हा असतानाच वारली होती. मस्तानीचा पुत्र शमशेरबहाद्दर तर सुमारे ६ वर्षांचाच होता. सदाशिवास आजी राधाबाईंनी वाढविले. शमशेरही पेशव्यांच्याच घरात लहानाचा मोठा झाला. कुटुंबप्रमुख नानासाहेब तेव्हा अवघे १९ वर्षांचे, म्हणजे पिता गेला तेव्हा बाजीराव होते त्याच वयाचे. १७६१ साली पानिपतावर सदाशिवराव पडले, आणि शमशेरही तेथील जखमांनी मरण पावला.

यावरून आम्हांस असे दिसते की, ज्याचा पिता जिवंत आहे, तो मुलगा पित्याचे दोषही पाहतो व त्याच्याशी भांडतोही. ज्यास पिता नाही, तो मात्र आपणास कोण जेवू घालतो, कोण शिकवितो, कोण रागे भरतो, एवढेच पाहतो, आणि त्यासच पिता मानतो. आपल्या गावांतही चुलत्याच्या, मामाच्या किंवा आजीच्या घरी वाढणारी मुले आहेत. वाचकहो, त्यांची दृष्टी आपणांकडे लागलेली आहे, हे आपण विसरू नये.