कोसंबींचे जनुकसूत्र

दामोदर धर्मानंद कोसंबी महाराष्ट्राला ठाऊक आहेत ते इतिहासकार म्हणून. जनुकशास्त्रज्ञ त्यांना ओळखतात एका सूत्रामुळे. ३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात जन्मलेले, हार्वर्डचे पदवीधर कोसंबी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत. दोन जनुकांची संततीत किती वेळा फारकत होते, यावरून गुणसूत्रावरील त्यांचे अंतर काढतात. मात्र दोनदा अदलाबदल झाल्यास ती पुन्हा एकत्र येतात आणि अंतर कमी भासते. शिवाय एक अदलाबदल शेजारच्या दुसरीला अटकाव करते. हॉल्डेन यांच्या १९१९ च्या सूत्रात हा अटकाव धरलेला नव्हता. कोसंबींनी १९४३-४४ मध्ये तो गणितात बसविला. पिकांचे जनुकनकाशे आजही त्यांच्या सूत्राने आखले जातात. जुन्या नाण्यांची झीज तोलून त्यांचा कालक्रम लावणारेही हेच कोसंबी. २९ जून १९६६ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.