थॉमस हॅरियट

थॉमस हॅरियट (अंदाजे इ.स. १५६० – २ जुलै, इ.स. १६२१) हे इंग्लिश गणितज्ञ व खगोलशास्त्रज्ञ होते. 'पेक्षा मोठे' (>) आणि 'पेक्षा लहान' (<) ही चिन्हे त्यांच्या बीजगणितावरील ग्रंथात प्रथम छापली गेली. हा ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी प्रसिद्ध झाला. हयातीत त्यांनी गणितावर काहीही प्रकाशित केले नव्हते.

जीवन

हॅरियट यांचा जन्म ऑक्सफर्ड परिसरात झाला. इ.स. १५८० मध्ये त्यांनी ऑक्सफर्ड विद्यापीठाची पदवी घेतली. पुढे सर वॉल्टर रॅले यांनी आपल्या खलाशांना नौकानयनाचे गणित शिकवण्यासाठी त्यांना आश्रय दिला. इ.स. १५८५ मध्ये रॅले यांच्या मोहिमेबरोबर ते उत्तर अमेरिकेतील रोआनोक बेटावर गेले. तेथील रहिवाशांची अल्गॉन्क्वियन भाषा त्यांनी अवगत केली होती. या प्रदेशाविषयीचा त्यांचा वृत्तांत इ.स. १५८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्या हयातीत छापले गेलेले हे त्यांचे एकमेव पुस्तक होय.

त्यानंतर नॉर्दम्बरलंडचे नववे अर्ल हेन्री पर्सी यांनी त्यांना वर्षासन दिले व लंडनजवळील सायन हाऊस येथे संशोधनाची सोय करून दिली. मात्र त्यांच्या दोन्ही आश्रयदात्यांवर राजाची अवकृपा झाली. रॅले यांना इ.स. १६०३ मध्ये राजद्रोहाबद्दल दोषी ठरवण्यात आले. इ.स. १६०५ मधील गनपावडर कटानंतर पर्सी यांची रवानगी टॉवर ऑफ लंडनमध्ये झाली आणि हॅरियट यांनाही काही काळ तुरुंगवास भोगावा लागला. नास्तिकतेचा आरोपही त्यांच्यावर होत असे. लेखन प्रसिद्ध न करण्यामागे ही परिस्थिती कारणीभूत असावी, असे काही अभ्यासक मानतात.

प्रकाशाच्या अपवर्तनाचा नियम स्नेल यांच्या आधी त्यांच्या हाती आला होता. इ.स. १६०९ च्या जुलैमध्ये त्यांनी दुर्बिणीतून पाहून चंद्राचे चित्र काढले. गॅलिलिओ यांची चंद्रचित्रे त्यानंतर काही महिन्यांनी तयार झाली. नाकाच्या कर्करोगाने लंडन येथे त्यांचे निधन झाले.

असमतांवरील कार्य

हॅरियट यांनी बीजगणित शब्दांऐवजी चिन्हांत लिहिले. एखाद्या राशीचा वर्ग ते अक्षर दोनदा व घन तीनदा लिहून दाखवीत. समीकरण प्रत्यक्ष न सोडवता त्याला किती मुळे आहेत हे ठरवणे, हा त्यांच्या असमतांचा प्रमुख उपयोग होता.

यासाठी त्यांनी सिद्ध केलेला एक साधा नियम असा : एखाद्या राशीचे दोन असमान भाग केले, तर त्या राशीच्या निम्म्याचा वर्ग दोन भागांच्या गुणाकारापेक्षा मोठा असतो. उदाहरणार्थ, १० चे ४ व ६ असे भाग केल्यास गुणाकार २४ येतो आणि ५ चा वर्ग २५ असतो. त्यामुळे दोन वास्तव संख्यांची बेरीज १० असेल, तर त्यांचा गुणाकार २६ असूच शकत नाही. त्या संख्या शोधत बसण्याची गरज राहत नाही.

हीच पद्धत त्यांनी घन समीकरणांना लावली. अ³ − ३ब²अ = २क³ या समीकरणात ब व क धन असून क हे ब पेक्षा मोठे असल्यास एकच वास्तव मूळ मिळते; क लहान असल्यास तीन भिन्न वास्तव मुळे मिळतात; दोन्ही समान असल्यास दोन मुळे एकरूप होतात. केवळ ब आणि क यांच्या तुलनेवरून हा निर्णय होतो.

ग्रंथाचे प्रकाशन

आपल्या कागदपत्रांचे संपादन नॅथॅनियल टॉर्पर्ली यांनी करावे, अशी तरतूद हॅरियट यांनी मृत्युपत्रात केली होती. प्रत्यक्षात वॉल्टर वॉर्नर यांनी इ.स. १६३१ मध्ये 'आर्टिस अनालिटिके प्रॅक्सिस' हा लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध केला. हस्तलिखितांत हॅरियट यांनी ऋण व काल्पनिक मुळांचाही विचार केला होता. छापील ग्रंथातून तो भाग वगळला गेला. टॉर्पर्ली यांनी या आवृत्तीवर टीका केली. हस्तलिखितांतील असमतेची चिन्हेही छापील चिन्हांहून निराळ्या, वळणदार आकाराची आहेत.

वारसा

विल्यम ऑट्रेड यांनी इ.स. १६३१ मध्येच असमतेसाठी वेगळी चिन्हे सुचवली होती. परंतु कालांतराने हॅरियट यांच्या ग्रंथातील चिन्हेच रूढ झाली. जॉन वॉलिस यांनी इ.स. १६८५ मध्ये देकार्त यांच्यावर हॅरियट यांच्या कल्पना उचलल्याचा आरोप केला. इ.स. १७८४ मध्ये पेटवर्थ हाऊस येथे हॅरियट यांची हस्तलिखिते पुन्हा उजेडात आली.

स्पर्धा परीक्षांतील माहितीच्या पर्याप्ततेवरील प्रश्नांतही उत्तर काढण्याऐवजी दिलेल्या माहितीवरून निर्णय होतो की नाही, एवढेच तपासायचे असते. अशा प्रश्नांत अक्षराची किंमत धन की ऋण हे अनेकदा दिलेले नसते. ऋण संख्येने गुणल्यास असमतेची दिशा उलटते; त्यामुळे छापील ग्रंथातून गळलेला ऋण राशींचा विचार तेथे निर्णायक ठरतो.