आबिड्सच्या शाळेतला मुलगा आणि आपली मांजरा

नांदेड, देगलूर, बिलोलीकडची माणसं हैदराबादला गेली की कोठी आणि आबिड्सचा एक फेरा ठरलेला असतो. कापड बघायचं, रविवार असला तर फुटपाथवरची जुनी पुस्तकं चाळायची आणि संध्याकाळी काचीगुडा गाठायचं. सहाव्या निजामाच्या पदरी असलेल्या आल्बर्ट आबिद यांच्या दुकानावरून या भागाला आबिड्स हे नाव पडलं, हे पुष्कळांना माहीत असतं. पण इथल्या सेंट जॉर्जेस ग्रामर स्कूलमध्ये शिकलेल्या एका मुलानं पुढं आपली मांजरा अडवली, हे सांगणारं सहसा कोणी भेटत नाही.

त्या मुलाचं नाव मीर अहमद अली. जन्म ११ जुलै १८७७, हैदराबादचा. वडील सरकारी दफ्तरात होते. ग्रामर स्कूल, मदरसा-ए-आलिया आणि निजाम कॉलेज असं शिक्षण झालं. १८९६ मध्ये संस्थानच्या शिष्यवृत्तीवर तो इंग्लंडला कूपर्स हिलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात गेला. हिंदुस्थानातल्या बांधकाम खात्यासाठी साहेब इंजिनिअर तयार करणारं हे कॉलेज, तिथं हैदराबादी मुलगा म्हणजे नवलच. १८९९ ला परत येऊन तो बांधकाम खात्यात रुजू झाला. नवाब अली नवाज जंग बहादूर हा किताब नंतरचा.

त्याच्या पिढीतल्या इंजिनिअरांना खरा धडा दिला तो मूसी नदीनं. २८ सप्टेंबर १९०८ ला आलेल्या पुरात हैदराबादचे मोहल्लेच्या मोहल्ले वाहून गेले. सुमारे १५ हजार माणसं दगावली असं सांगतात. दुसऱ्या वर्षी निजाम सरकारनं मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांना बोलावलं. पुण्यात शिकलेला, मुंबई इलाख्यात नोकरी केलेला हा माणूस नुसता शहरातला चिखल बघत बसला नाही, तो वर पाणलोटात गेला. तिथं ७८८ तलाव होते, म्हणजे जवळपास दर चौरस मैलाला एक. त्यातले २२१ फुटले होते. वरचा फुटला की त्याचं पाणी खालच्यावर, आणि खालचा फुटला की त्याच्याही खालच्यावर. शहर बुडालं ते नुसत्या पावसानं नव्हे, असा त्याचा सरळ अर्थ. मग शहराच्या वर मूसी आणि ईसी या दोन्ही नद्या अडवायचं ठरलं. उस्मानसागर १९२० ला पूर्ण झाला, हिमायतसागर १९२७ ला. अली नवाज जंग १९१८ मध्ये मुख्य अभियंता झाले होते. आराखड्याचं श्रेय विश्वेश्वरय्यांना मिळतं आणि ते योग्यच आहे. पण आराखडा दगडात उतरवायला वर्षानुवर्षं खात्यात बसून राहणारा माणूस लागतो, आणि त्याची आठवण कमी राहते.

आता आपल्याकडचं. मांजरा निघते बीड जिल्ह्यात, पाटोद्याकडच्या बालाघाटात. धाराशिव, लातूर, बीदर करत ती तेलंगणात शिरते, तिथून उत्तरेला वळते आणि आपल्या सीमेला लागून कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. हा सगळा मुलूख तेव्हा एकाच संस्थानात होता. बीड असो की मेदक, मुख्य अभियंता एकच. आजच्यासारखी तीन राज्यांची तीन खाती आणि लवादाच्या तारखा, हा प्रकार नव्हता. अच्छमपेटजवळ या नदीवर निजामसागर बांधायचं काम १९२३ ला सुरू झालं आणि १९३१ ला संपलं. सुमारे तीन किलोमीटर लांबीचं धरण, २९.७ टीएमसी पाणी आणि पावणेतीन लाख एकराचा ओलिताचा हिशेब. त्यासाठी ४० गावं उठवली गेली. धरणाचं कौतुक करणाऱ्या लिखाणात ही गावं एका ओळीत उरकतात, आणि मीही याहून जास्त सांगू शकत नाही, याचं वाईट वाटतं.

पाणी आलं तसं खाली भात आला, ऊस आला. १९३० च्या दशकातच बोधनला साखर कारखाना उभा राहिला, जो एकेकाळी आशियातल्या मोठ्या कारखान्यांत मोजला जायचा. बिलोलीहून मांजरा ओलांडली की बोधन, त्यामुळं हा कारखाना आपल्याकडच्या माणसांनाही परका नव्हता. पालेर, वायरा हे तेलंगणातले जलाशयही याच काळातले.

संस्थानाबाहेरही त्यांच्या शब्दाला वजन होतं. १९२९ मध्ये मुंबई सरकारनं सिंधमधल्या सक्करच्या बॅरेजचं काम तपासायला विश्वेश्वरय्यांसोबत त्यांनाच नेमलं. १९३८ मध्ये काँग्रेसनं राष्ट्रीय नियोजन समिती केली, तिच्या सिंचन उपसमितीचं अध्यक्षपद या निजामाच्या नवाबाकडं आलं. आज ऐकायला गंमत वाटेल, पण नद्यांच्या बाबतीत राजकारण बाजूला ठेवायची अक्कल तेव्हा होती. तुंगभद्रेच्या पाण्यावरून मद्रास आणि हैदराबादची वर्षानुवर्षं बोलणी चालली, त्यात हैदराबादची बाजू मांडणाऱ्यांत ते होते. १९४४ ला करार झाला.

एक हिशेब मात्र चुकला. निजामसागरात दरवर्षी जेवढा गाळ येईल असं धरलं होतं, त्याच्या कित्येक पट आला. १९७० च्या दशकापर्यंत २९.७ टीएमसीचं धरण १२ टीएमसीच्याही खाली आलं होतं. नंतर उंची वाढवून ते १७.८ वर नेलं. दोष नुसता इंजिनिअरचा म्हणता येत नाही. त्या काळात गाळाच्या मोजण्या तुटपुंज्या होत्या, आणि पुढं वरची राने उघडी पडत गेली. हा गाळ आला कुठून? बालाघाटाच्या उतारावरून, लातूर-बीदरच्या शेतांतून. आपलीच माती. धरण कुठं बांधायचं हे अली नवाज जंग यांना पक्कं कळत होतं. पण धरणाच्या वर बांधबंदिस्ती, झाडोरा, नाले अडवणं, ज्याला आपण आज पाणलोटाचं काम म्हणतो, ते मांजरेच्या वाट्याला तेव्हा पुरेसं आलं नाही.

६ डिसेंबर १९४९ ला ते वारले. संस्थान खालसा होऊन सव्वा वर्ष झालं होतं. १९५६ ला त्यांची मांजरा तीन राज्यांत वाटली गेली. पुढं निजामसागराच्या वर सिंगूर धरण झालं आणि त्याचं पाणी हैदराबादच्या नळांकडं वळलं.

२०१४ पासून तेलंगण सरकार ११ जुलै हा अभियंता दिन म्हणून पाळतं. फोटोला हार पडतो, भाषणं होतात. उस्मानसागर-हिमायतसागरच्या पाणलोटात बांधकामं होऊ नयेत म्हणून १९९६ मध्ये १० किलोमीटरच्या परिघात बंदी घातली होती. ती उठवायचा निर्णय त्याच तेलंगण सरकारनं एप्रिल २०२२ मध्ये घेतला.