बडोद्याची नोकरी

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे चरित्र आपण शाळेच्या पुस्तकापासून वाचत आलो आहोत. महाडचे चवदार तळे, गोलमेज परिषद, राज्यघटना, नागपूरची धर्मदीक्षा हे टप्पे प्रत्येकाला तोंडपाठ असतात. परंतु ह्या साऱ्याच्या बऱ्याच आधी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी बडोद्यास एक नोकरी धरली आणि थोड्याच दिवसांत सोडली. चरित्रग्रंथांत तिला दोन-चार पाने मिळतात. मला मात्र ती पाने पुन्हा पुन्हा वाचावीशी वाटली. कारण आमच्यासारख्या घरांत, जिथे कॉलेजची पायरी चढणारे आम्हीच पहिले, नोकरी लागली की गोष्ट संपते. पेढे वाटले जातात. त्या खुर्चीवर बसल्यानंतर काय होते, हे कोणी सांगत नाही.

बाबासाहेबांना बडोद्यास जावे लागले ते करारामुळे. महाराज सयाजीराव गायकवाडांनी त्यांना दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन १९१३ साली अमेरिकेस पाठविले होते. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावयाची, ही त्यातील अट. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून १९१५ साली एम.ए. होऊन ते पुढे लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राचा व कायद्याचा अभ्यास सुरू झाला तोच शिष्यवृत्तीची मुदत संपली. चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी लंडन विद्यापीठाकडून मिळवून १९१७ च्या ऑगस्टमध्ये ते मुंबईस उतरले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान व ग्रंथ ज्या बोटीवर होते ती बोट बुडविली गेली. त्या सामानाच्या नुकसानभरपाईचे जे पैसे आले, त्यांतून काही रमाबाईंच्या हाती घरखर्चाला ठेवले आणि उरलेल्यातून बडोद्याचे तिकीट काढले.

ह्या तरुणास स्टेशनवर उतरवून घ्यावे, असा महाराजांचा हुकूम होता. प्रत्यक्षात कोणीही आले नाही. महार जातीचा अधिकारी येतो आहे ही वार्ता मात्र त्यांच्या आधी पोहोचली होती. हिंदूंच्या खानावळीत जागा मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत, पारशी नाव धारण करून, दिवसाला दीड रुपया भाड्याने ते राहिले. तेथील म्हाताऱ्या रखवालदाराला खरा प्रकार ठाऊक होता, पण धर्मशाळेत दुसरे गिऱ्हाईकच नव्हते. वरच्या मजल्यावर एक लहानशी खोली, शेजारी मोडक्या सामानाने भरलेले मोठे दालन. विजेचा दिवा नाही. कंदिलाच्या उजेडात, वटवाघळांच्या फडफडीत, हा कोलंबियाचा पदवीधर एकटा वाचीत बसे.

त्यांना पुढे मोठ्या अधिकारपदावर नेण्याचा महाराजांचा विचार होता. अनुभव यावा म्हणून आरंभी अकाउंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून बसविले. तेथे काय घडले? शिपाई फायली हातात देत नसत, लांबून टेबलावर फेकीत. विटाळ नको म्हणून जाजम गुंडाळले जाई. पिण्याचे पाणी मिळत नसे. आपण हे वाचताना सहज पुढे जातो. पण दुपारी दोनच्या सुमारास, उन्हातान्हाच्या गावी, कचेरीत घोटभर पाणी नाही, हे मनाशी आणून पाहावे. लहानपणी शाळेतही शिपाई असला तरच त्यांना पाणी मिळे, कारण नळाला हात लावण्याची मुभा नव्हती. एम.ए. होऊन आलेल्या माणसाला कचेरीने पुन्हा त्याच वर्गात नेऊन बसविले.

ह्यात एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अपमान करणारे हे त्यांच्याहून वरच्या हुद्द्याचे नव्हते, हाताखालचे होते. वरचा, म्हणजे खुद्द महाराज, त्यांच्या बाजूचा होता. तरीही खालून सगळे पोखरले गेले. आमच्या गावातील एक ताई एका कार्यालयात लागल्या, तेव्हा त्यांच्याशी कोणी भांडले नाही की कोणी वावगा शब्द काढला नाही. फक्त चहाची वेळ झाली की बाकीचे उठून जात. साहेब चांगले होते, असे त्या आजही सांगतात. साहेबाच्या चांगुलपणाने चहाचा कप भरत नाही, हे त्यांच्याकडे पाहून मला कळले.

धर्मशाळेत अकराव्या दिवशी सकाळी बाबासाहेब वाचनालयाची पुस्तके परत करण्यासाठी गोळा करून कचेरीस निघण्याच्या बेतात होते. इतक्यात डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले. धर्मशाळा बाटविल्याचा जाब विचारून त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे फर्मान काढले. सरकारी बंगल्यासाठी केलेल्या अर्जाचा निकाल लागेल ह्या आशेने बाबासाहेबांनी आठवडाभराची मुदत मागितली. ती मिळाली नाही. दिवाणांकडून काही होईना. एका हिंदू मित्राकडे विचारले, तर घरचे नोकर काम सोडून जातील अशी त्याला भीती. एक ख्रिस्ती मित्र होता, तो मूळचा ब्राह्मण. त्याच्या पत्नीच्या सोवळ्याओवळ्यामुळे तेही दार लागले. मग कामाठी बागेत ते गाडीच्या वेळेपर्यंत बसून राहिले. रात्री आठच्या सुमारास सामान घ्यायला धर्मशाळेत परतले, तेव्हा म्हातारा रखवालदार बाहेर आला. दोघांपैकी कोणाच्याही तोंडून शब्द फुटला नाही. भाडे दिले, त्याने ते मुकाट्याने घेतले. नऊच्या गाडीने बाबासाहेब मुंबईस निघाले.

आता कोणी म्हणेल की हे पळून जाणे झाले. व्याख्यानांतून आपल्याला नेहमी टिकून राहण्याचा, सोसण्याचा उपदेश केला जातो. मला तो इथे पटत नाही. रीतसर अर्ज, दिवाण, मित्र, असे जे जे दार होते ते ते त्यांनी ठोठावले. डोक्यावर छप्पर नाही, कचेरीत पाणी नाही. अशा ठिकाणी थांबून सिद्ध तरी काय करायचे होते? शिवाय लंडनच्या चार वर्षांचे घड्याळ चालू होते.

मुंबईची वाटही सोपी नव्हती. दोन मुलांच्या शिकवण्या धरल्या. शेअर बाजारातील व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली, पण सल्ला देणारा कोण हे कळताच गिऱ्हाईक आटले. अखेर १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापकपद मिळाले, पगार साडेचारशे रुपये. आणि तेथेही काय? प्राध्यापकांच्या खोलीतील पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावू नये, अशी काही सहकाऱ्यांची हरकत!

म्हणजे अपमान तोच होता, पाण्याचाच. पण ह्या वेळी ते उठून गेले नाहीत. मला वाटते, त्यांनी हिशेब केला असावा. इथे राहायला परळच्या चाळीत स्वतःचे घर होते. वर्गात विद्यार्थी होते. आरंभी ते फारसे लक्ष देत नसत, पण पुढे अन्य कॉलेजांचे विद्यार्थीही त्यांच्या तासाला येऊन बसू लागले. आणि दरमहा लंडनसाठी शिल्लक पडत होती. पगार मोठा असूनही ते चाळीतच राहिले, रमाबाईंनी मोजक्या पैशांत संसार ओढला. ह्याच नोकरीत असताना, ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाले. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून स्वतःचे नाव घालता येत नव्हते, म्हणून पांडुरंग नंदराम भटकर ह्यांचे घातले.

त्याच वर्षी त्यांनी ती नोकरी सोडली. राजर्षी शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना ह्या मित्राने पाच हजार रुपये उसने दिले. भथेना पारशीच होते; बडोद्याच्या त्या काठ्यांनंतरही बाबासाहेबांनी सगळा समाज एका मापाने मोजला नाही. बॅरिस्टर होऊन ते १९२३ साली परतले, आणि लंडनची डी.एस्सी. पदवीही त्यांना परतल्यानंतर त्याच वर्षी मिळाली. पुढे १९३५ साली मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे ते प्राचार्य झाले. १९४२ पासून चार वर्षे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यांतील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आणणारे विधेयक त्यांनीच मांडले. १९५० साली त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस कॉलेज काढले, तेच आजचे मिलिंद. आपले हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यात होते आणि अवघ्या मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय बोटांवर मोजण्याइतकीच होती.

बडोद्याची हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. ती लिहिली तेव्हा त्या घटनेला अठरा वर्षे लोटली होती. बॅरिस्टरी, गोलमेज परिषद, सारे होऊन गेले होते. तरीही त्या दिवसाची आठवण आली की डोळ्यांत पाणी आल्यावाचून राहत नाही, असे त्यांनी तेथे नमूद केले आहे. ही पाने त्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने निघालीच नाहीत. ती १९९० साली प्रसिद्ध झाली.