रमाबाईंची आठवणींची वही

मैत्रिणींनो, २०१२ साली ‘उंच माझा झोका’ ही मालिका लागायची, आठवतं ना? पाटीवर अक्षरं गिरवणारी ती छोटी रमा आपल्याला घरातलीच वाटायची. पण ज्यांनी तिला अक्षरं शिकवली, ते माणूसच निघून गेल्यावर त्या अक्षरांनी तिला कसा हात दिला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

रमाबाई रानडे यांचा जन्म २५ जानेवारी १८६२ चा. गाव देवराष्ट्रे, आजच्या सांगली जिल्ह्यातलं. माहेर कुर्लेकरांचं. १८७३ साली, अकराव्या वर्षी त्यांचं लग्न न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी झालं. ते तेव्हा एकतीस वर्षांचे. पहिली पत्नी नुकतीच वारलेली. विधवेशी लग्न करावं असं त्यांच्या मनात होतं, पण वडिलांपुढे त्यांचं चाललं नाही. निरक्षर रमा घरात आली आणि रानड्यांनी तिला शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी.

नवरा शिकवतो म्हटल्यावर सारं सोपं झालं असेल, असं आपल्याला वाटतं. तसं नव्हतं बरं का! दिवसभर रमाबाईंना वावरायचं होतं ते घरातल्या मोठ्या बायकांमध्ये. त्यांना हे शिकणं मुळीच पसंत नव्हतं. टोमणे, अबोला, सोवळ्या-ओवळ्याचा जाच, सगळं रोजचंच. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यात आल्या. त्यांच्या सभांना रमाबाई जाऊ लागल्या, तेव्हा तर घरात वादळच उठलं. उलट बोलायची सोय नाही आणि नवऱ्याजवळ रोज रडगाणं गायचं नाही. मग ते सगळं जायचं कुठे? मनात. तुमच्याआमच्यासारखंच!

१६ जानेवारी १९०१ रोजी मुंबईत न्यायमूर्ती गेले. रमाबाईंना तेव्हा एकोणचाळीस पूर्ण व्हायला थोडे दिवस बाकी होते. पोटी मूल नाही. त्या काळी विधवेने कोपऱ्यात बसायचं, एवढंच समाजाला ठाऊक. रमाबाई पुण्याच्या घरी आल्या आणि जवळजवळ वर्षभर कुणात मिसळल्याच नाहीत. त्या वर्षात त्यांच्या मनावर काय गुदरलं असेल, हे ज्या बाईने असं दुःख पाहिलंय तिला वेगळं सांगायला नको.

नंतर त्या हळूहळू सावरल्या. पतीची धर्मपर व्याख्यानं त्यांनी छापून घेतली. १९०४ मध्ये मुंबईला भारत महिला परिषद भरली, तिच्या कामात पुढाकार घेतला. पुण्याच्या तुरुंगातल्या बायकांना त्या भेटायला जात. १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभं राहिलं. विधवा, परित्यक्ता, गरीब घरच्या बायका तिथे शिकू लागल्या. कुणी शिक्षिका झाली, कुणी नर्स.

आणि १९१० मध्ये आलं त्यांचं पुस्तक, ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. ही काही रोजची डायरी नव्हे, मागे वळून लिहिलेल्या आठवणी आहेत. पण त्यात काय नाही? लग्नानंतरचे दिवस, शिकताना झालेली फजिती, घरच्या बायकांचा जाच आणि शेवटी पतीच्या अखेरच्या आजारपणाचे दिवस, अगदी बारकाव्यानिशी. जो प्रसंग आठवला तरी जीव कासावीस व्हावा, तो त्यांनी बसून कागदावर उतरवला. ज्यांनी छळलं त्यांनाही शिव्याशाप दिले नाहीत. जे घडलं ते सांगितलं, आणि पुढे गेल्या. दुःख मनातून कागदावर उतरलं की ते थोडं लांबून पाहता येतं, ते असं!

ही नुसती भावनेची गोष्ट नाही. १९८६ मध्ये जेम्स पेनेबेकर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यासोबत कॉलेजच्या मुलांना चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनातल्या सर्वांत दुखऱ्या गोष्टींबद्दल लिहायला लावलं. लिहिताना मुलं उदास झाली. पण ज्यांनी घडलेलं आणि मनाला वाटलेलं असं दोन्ही लिहिलं, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या सहा महिन्यांत इतरांपेक्षा कमी झाल्या.

आमच्या पिपरी मेघेत बचत गटाच्या बायका पै-पैचा हिशेब वहीत चोख लिहितात. मनाचा हिशेब मात्र कुठेच नाही. विचारलं की पहिली शंका हीच, कुणी वाचलं तर? म्हणून सांगते, मुलांच्या जुन्या वहीची कोरी पानं घ्या आणि पेटीत कुलपात ठेवा. तीही सोय नसेल तर लिहा आणि चुलीत टाका. लिहिताना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. शुद्धलेखन बघायला कुणी येत नाही. मात्र झोप उडाली, जगणं नको वाटू लागलं, तर वहीवर भागवू नका. डॉक्टरांकडे जा, जवळच्या माणसाला सांगा.

१९२४ मध्ये रमाबाई गेल्या. सेवासदनात शिकलेल्या बायका तोवर स्वतःच्या पायावर उभ्या होत्या. रमाबाईंनी आधी स्वतःला सावरलं, मग इतरींना हात दिला. आपली सुरुवात एका पानाने झाली तरी पुष्कळ!