लीबिग यांची सकाळची हजेरी

शास्त्र शिकणाऱ्याला लेखणीशी काय काम, असे म्हणणारे लोक आपल्यातही भेटतात. जर्मनीचे थोर रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांच्या चरित्रात आम्हांला याच्या अगदी उलट दिसले.

लीबिग यांचा जन्म १८०३ साली डार्मस्टाट शहरी झाला. वडील रंग व औषधी द्रव्यांचे व्यापारी. शाळेत मुलगा मागेच राहिला. पुढे पॅरिसला शिकून आल्यावर १८२४ साली, वयाच्या अवघ्या एकविसाव्या वर्षी, ते गीसेनच्या लहानशा विद्यापीठात प्राध्यापक झाले.

तेथील त्यांच्या प्रयोगशाळेचा नियम असा, की रोज सकाळी प्रत्येक विद्यार्थ्याने काल काय केले व त्यावरून आपल्याला काय वाटते, हे गुरूंसमोर मांडायचे. लीबिग पसंती देत किंवा चुका काढीत. वाट मात्र ज्याची त्यानेच शोधायची. १८३१ साली त्यांनी काचेचे पाच फुग्यांचे एक छोटे उपकरण बनविले. त्यामुळे पदार्थातील कार्बन मोजणे सोपे झाले आणि नवख्या मुलाच्याही हाती स्वतःचे म्हणावेत असे आकडे येऊ लागले. आमच्या मते खरी मेख इथेच आहे. जवळ सांगण्यासारखे काही नसेल, तर मुलगा लिहिणार काय?

लीबिग 'आनालेन' हे रसायनशास्त्राचे नियतकालिकही चालवीत. त्यात विद्यार्थ्यांचे निबंध विद्यार्थ्यांच्याच नावाने छापले जात. हॉफमन हा तरुण आधी कायदा शिकत होता, तो इकडे वळला. डांबराच्या तेलावरचा त्याचा निबंध १८४३ साली 'आनालेन'मध्ये आला, आणि पुढे त्याच्याच शिष्याने, पर्किनने, १८५६ साली लंडनमध्ये कृत्रिम जांभळा रंग शोधून काढला.

गुरूंची स्वतःची लेखणी मात्र तिखट होती. बर्झेलियस यांच्यासारखा ज्येष्ठ स्नेही तिने दुरावला. १८४० साली त्यांनी शेतीच्या रसायनावर ग्रंथ लिहिला. आपल्या बेटावर उसाला पोटॅश, फॉस्फरस घालणाऱ्यांना तो विषय परका नाही. त्यांचे स्वतःचे खत मात्र फसले. पावसाने वाहून जाऊ नये म्हणून त्यांनी ते असे घट्ट बनविले, की पिकाच्या मुळांनाही ते मिळेना. पुढे ही चूक त्यांनी स्वतःच छापून कबूल केली.

२८ वर्षांच्या राबण्याने ते थकले. १८५२ साली म्यूनिकचे बोलावणे स्वीकारताना त्यांनी प्रयोगशाळेतील शिकवणीतून सूट मागून घेतली. १८७३ साली तेथेच त्यांचे निधन झाले.