तीस पायऱ्या आणि भाऊ दाजी

रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास फोर्टात गेलात, तर टाऊन हॉलच्या तीस पायऱ्या तुम्हांला जवळजवळ मोकळ्या सापडतात. थोडी कबुतरे, एखादा झाडूवाला आणि गेले काही महिने हातात पिशवी घेतलेला माझ्यासारखा एक निवृत्त माणूस. पिशवीत जुन्या मुंबईच्या छायाचित्रांच्या झेरॉक्स असतात. माझी पद्धत साधी आहे. छायाचित्र जिथून घेतले असेल तिथे जाऊन उभे राहायचे, त्यातली अजून जागेवर असलेली एक वस्तू शोधायची आणि मग तिच्याभोवती काय काय बदलले ते बघत बसायचे.

1833 साली पुरा झालेला टाऊन हॉल अशी वस्तू आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या छायाचित्रात खांब तेच, पायऱ्या त्याच. पण समोरचे गोलाकार उद्यान नाही. तिथे नुसते उघडे मैदान आहे. एल्फिन्स्टन सर्कल, म्हणजे आजचे हॉर्निमन सर्कल, 1860 च्या दशकात उभे राहिले. त्या चित्रात माणसे फारशी दिसत नाहीत. मुंबई तेव्हा रिकामी नव्हती. काच बराच वेळ उघडी ठेवावी लागे, त्यामुळे उभा राहिलेला माणूस उमटे आणि चालता माणूस पुसला जाई. मी ज्यांच्या मागावर आहे ते डॉ. भाऊ दाजी लाड आयुष्यभर चालतेच होते.

भाऊंचे घराणे गोव्यातल्या पेडणे भागातले. जन्म 1822 चा. वडील पोटासाठी मुंबईत आले आणि मातीच्या मूर्ती करून विकू लागले. मुलाची बुद्धिबळातली गती पाहून गव्हर्नर लॉर्ड क्लेअर यांनी त्याला इंग्रजी शिकवा असे सुचवले, अशी हकीगत सांगतात. मुलगा एल्फिन्स्टनमध्ये शिकला, तिथेच शिक्षक झाला. कच्छ-काठेवाडातल्या बालिकाहत्येवर निबंध लिहून त्याने सहाशे रुपयांचे बक्षीस मिळवले. 1845 साली ग्रँट मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा हा शिक्षक पुन्हा विद्यार्थी झाला आणि 1851 साली पहिल्या तुकडीतून डॉक्टर होऊन बाहेर पडला. धाकटे बंधू नारायणरावही डॉक्टर झाले. दोघांनी मिळून गोरगरिबांसाठी धर्मार्थ दवाखाना चालवला.

एवढ्यावर थांबते तर भाऊ एक नामांकित डॉक्टर म्हणून राहिले असते. पण 1852 साली बॉम्बे असोसिएशन निघाली आणि भाऊ तिचे एक चिटणीस झाले. हिंदी लोकांचे गाऱ्हाणे थेट लंडनच्या पार्लमेंटपुढे मांडणारी ही संस्था. 1854 साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, तेव्हा दोघे भाऊ तिच्यात होते. कॅमेरा ही तेव्हा साहेबांची हौस. नारायणरावांनी 1857 साली सोसायटीच्या प्रदर्शनात मुंबईतल्या नाना जातींच्या, नाना व्यवसायांच्या माणसांची छायाचित्रे मांडली. मैदानावरच्या चित्रातून जी माणसे पुसली गेली, ती नारायणरावांनी समोर बसवून, क्षणभर थांबवून टिपली. माझ्या पिशवीतल्या बहुतेक चित्रांत इमारती आहेत. ही चित्रे बघताना मात्र या शहरात कोणीतरी राहत होते असे वाटते.

टाऊन हॉलमध्ये वर रॉयल एशियाटिक सोसायटीची मुंबई शाखा होती. शिलालेख, नाणी, कालिदासाचा काळ, अजिंठ्याचे लेख यांवरचे निबंध भाऊंनी तिच्यापुढे मांडले. पुढे ते तिचे एक उपाध्यक्षही झाले. दिवसभर नाडी बघणारा माणूस हे केव्हा करत असेल? जुनागढच्या भगवानलाल इंद्रजी या तरुण पंडिताला त्यांनी मुंबईत आणले, पदरचा पैसा देऊन देशभर पाठवले आणि शिलालेखांच्या नकला करून घेतल्या. भाऊंकडे पैसा येत होता तो रोग्यांकडून, आणि तो असा बाहेर जात होता.

इथवर सगळे ठीक आहे. शाळेच्या पुस्तकातल्या धड्यासारखे आहे. पण याच पायऱ्यांच्या समोर, मैदानाच्या कडेला वडाच्या झाडांखाली, 1850 च्या दशकात शेअर दलाल जमू लागले होते. 1861 साली अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला, लँकेशायरच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर जगू लागल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. पैसा ठेवायला जागा नाही म्हणून रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. बॅक बे रेक्लमेशनच्या, पाच हजार रुपये भरलेल्या शेअरचा भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. समुद्रातली जमीन अजून पाण्याखाली होती आणि तिचे मालक लक्षाधीश झाले होते. 1865 च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतले युद्ध संपले, कापूस कोसळला आणि 1 जुलैला, हिशेब चुकते करायच्या दिवशी, शहर बुडाले. बॉम्बे बँकेसारखी जुनी बँकही त्यातून उठली नाही. बुडालेल्यांत भाऊ दाजी होते. डॉक्टरकीत मिळवलेली बहुतेक संपत्ती गेली.

बँकेत नोकरीला लागल्यावर 1865 ची ही हकीगत मी बँकिंगचा धडा म्हणून वाचली होती. तारणाची किंमत आणि तारणाचा भाव यांतला फरक न कळलेली माणसे, एवढेच माझे मत होते. त्या माणसांत भाऊ आहेत हे मला पुष्कळ उशिरा कळले आणि ते मला आवडले नाही. ज्याने अजिंठ्याची पुसट अक्षरे वाचली, त्याला समोरचा बाजार वाचता आला नाही?

मग मला 1992 साल आठवले. आमच्या शाखेत गिरगावातले एक डॉक्टर येत. दहा रुपये फी, चाळीतली गिऱ्हाइके, परवडत नसेल त्याला तेही माफ. त्या वर्षी मार्चमध्ये ते मुदत ठेवीच्या पावत्या घेऊन आले. त्यावर कर्ज हवे होते, शेअर घ्यायचे होते. मी नियमाप्रमाणे अर्ज भरून घेतला, पावत्यांच्या पाठीवर सह्या घेतल्या. पुन्हा विचार करा, एवढेही बोललो नाही. खरे सांगायचे तर त्या दिवसांत मीही भाव बघत होतो. एप्रिल उजाडला, रोखे घोटाळा बाहेर आला, बाजार पडला. डॉक्टरांच्या ठेवी कर्जात वळत्या करून घेणारे व्हाउचर माझ्याच सहीचे होते. शहाण्यासवरत्या माणसाने हाव करू नये, असे तेव्हा मी घरी म्हणालो. डॉक्टर मात्र दवाखान्यात बसत राहिले. फी दहा रुपयेच.

भाऊही बसत राहिले. हे मला आधी दिसले नव्हते. 1865 नंतरही भगवानलाल त्यांच्याच खर्चाने उत्तरेत फिरत होते. 1869 आणि 1871 असे दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. महारोगावर औषध शोधायचे काम त्यांनी जिवापाड केले. त्यातही एक उणे होते: पुरती खात्री झाल्याशिवाय औषधाचे नाव सांगणार नाही, हा हट्ट. गुप्तता राखतात म्हणून टीका झाली आणि ती अगदीच गैर नव्हती. ते औषध कडू कवठीच्या बियांचे तेल होते. त्या जातीच्या झाडांची तेले 1940 च्या दशकात सल्फोन औषधे येईपर्यंत जगभर महारोग्यांना देत असत. भाऊंची खात्री व्हायची राहून गेली. अर्धांगवायूने ते खिळले आणि 31 मे 1874 रोजी गेले. पुढच्या वर्षी नारायणरावही गेले.

फोर्टातून भायखळ्यापर्यंत मी दोन रविवारांत चाललो. राणीच्या बागेतल्या वस्तुसंग्रहालयासाठी जगन्नाथ शंकरशेट आणि जॉर्ज बर्डवूड यांच्याबरोबर भाऊंनी वर्गणी गोळा केली होती. 1862 साली पायाचा दगड बसला. 1865 च्या आपत्तीत बांधकामाचे पैसे आटले, सरकारी पैशातून काम पुरे होऊन 1872 साली दार उघडले, तेही राणी व्हिक्टोरिया आणि तिच्या यजमानांच्या नावाने. भाऊंचे नाव लागायला 1975 साल उजाडावे लागले. माझ्या झेरॉक्सवरचे लोखंडी खांब, वरची गॅलरी, सगळे आज तसेच आहे. मूर्तिकाराचा मुलगा मातीच्या छोट्या बाहुल्यांच्या कपाटापाशी थांबला असता, असे मला उगीचच वाटले.

खाते बंद करताना आम्ही नावे आणि जमा यांची बेरीज लावून खाली दोन रेघा ओढत असू. भाऊंच्या खात्यावर मी पुष्कळदा तसे करून पाहिले. नावे बाजूला हाव आहे, हट्ट आहे. दोन्ही खऱ्या रकमा आहेत आणि खोडता येत नाहीत. पण माणसाचे खाते 1 जुलै 1865 ला बंद करणारा मी कोण? त्यानंतरची नऊ वर्षे जमेला धरायची राहून जातात.

परतताना गिरगावातून गेलो. डॉक्टरांची चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली आहे. कोपऱ्यावरचे पिंपळाचे झाड तेवढे जागेवर आहे. त्या जागेचे जुने छायाचित्र माझ्या पिशवीत नव्हते, कोणाकडे असेल असेही नाही. झाडाखाली थोडा वेळ उभा राहिलो. दवाखान्याचे दार कुठे होते ते मला नीट आठवत होते.